जागेवाल्याचा घास

दाराची मोटर पुन्हा एकदा कण्हली आणि गप्प झाली. अक्कांनी बटणावरचा हात काढून घेतला.

"पुरे. आता जळेल ती," त्या म्हणाल्या. "मग दोर सुटले तरी दार उघडायचं नाही."

दोर म्हणजे वेटाळे, इथले जीव. काचेतून ते स्पष्ट दिसत होते. सुंभाच्या जाड दोरासारखे, करडे, कोरडे, एकात एक गुंतलेले. दार, चौकट, पायऱ्या, मागच्या बाजूची आणीबाणीची झडप, सगळं त्यांनी आवळून बांधलं होतं. त्यांच्या पलीकडे सपाटीवर आमची पिवळी गाडी उभी होती आणि गाडीत माझा नवरा श्रीरंग बसला होता. तो खाणीवरून बर्फाचे नमुने घेऊन परतला, तोवर इकडे घराला वेढा पडला होता. इतका जवळ की त्यानं हात हलवला तर दिसायचा. पण त्याच्या गाडीतली हवा उद्याच्या जेवणवेळेपर्यंतच पुरणार होती.

"काय गो, पेज झाली?" रेडिओवर त्याचा आवाज आला.

"झालीय," मी म्हटलं. "तुझी झाकून ठेवलीय."

"लोणचं काढ. आंब्याचं. आज मी पथ्य पाळणार नाही."

अक्कांनी तोंड फिरवलं. त्या आमच्या तळाच्या प्रमुख, आणि श्रीरंगच्या थोरल्या बहीण. म्हणजे माझ्या नणंद. तमसा ग्रहावर माणसं पाठवायची ठरली तेव्हा निवड करणाऱ्यांनी विचार केला की वर्षानुवर्षं एका डब्यात कोंडून राहायला अनोळखी हुशार माणसांपेक्षा एकमेकांना आधीच सोसलेली माणसं बरी. म्हणून घरंच्या घरं निवडली. कुडाळचं आमचं तेंडोलकरांचं घर, त्यात शेजारचा यासीन मुकादम, जीवशास्त्रज्ञ. यासीन आमच्यासोबत इतका वाढलाय की तो अक्कांना अक्काच म्हणतो आणि मला वहिनी. आमच्यासोबत दाजी सामंतही होते. पहिल्याच ऋतूत त्यांच्या सूटची शिवण उसवली, आणि वेटाळ्यांनी त्यांना वेढलं. आम्ही पोचलो तेव्हा सूट तसाच होता. आत काही नव्हतं, हाडंसुद्धा.

त्यानंतर यासीननं वेटाळ्यांचा नीट अभ्यास केला. मी भाकरी थापत असताना त्यानं मला तो समजावला होता, म्हणून मला कळला.

"वहिनी, जिवाला जगायला फॉस्फरस लागतो. आपल्या हाडांत तो आहे, प्रत्येक पेशीत आहे, त्याच्याशिवाय पेशीत ताकद खेळत नाही. पृथ्वीवर तो दगडात, मातीत, शेणात, कुठेही सापडतो. या तमसेवर तो जवळजवळ नाहीच. त्यामुळे इथल्या जिवांचा सगळा जन्म त्याच्या शोधात जातो. वेटाळा धावत नाही, चावत नाही. जिथून फॉस्फरसचा वास येतो तिथे जातो, वेटोळं घालतो आणि बसतो. आतला जीव कधीतरी मरेलच. तोपर्यंत त्याला काही घाई नसते."

"म्हणजे धरणं धरून बसतो," मी म्हटलं.

"अगदी. आणि एकानं खाल्लं की तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. मुंग्या देतात तसं. एकाच्या पोटात गेलेला कण सगळ्या दरीत फिरतो. मला तर कधीकधी वाटतं, हे हजारो नाहीतच. एकच आहे."

आमचा तळ मात्र पक्का बंद होता. घाम, मैला, खरकटं, सगळं आतच जिरायचं. वेटाळ्यांना आम्ही आहोत हे कळायचं कारण नव्हतं. कारण आम्हीच दिलं.

आमच्याकडे नव्या जागेत पाऊल टाकलं की जागेवाल्याला द्यावं लागतं. जागा कुणाची तरी असतेच. आपण येण्याआधीपासून तिथे जो आहे, त्याला पहिला घास ठेवायचा आणि म्हणायचं, बाबा, आम्ही आलोत, सांभाळून घे. तळ उभा राहिला त्या दिवशी नमुने आत-बाहेर करायच्या खिडकीतून आम्ही उकड्या तांदळाच्या भाताची मूद बाहेर ठेवली. अक्कांनीच परवानगी दिली. "एवढ्याशा भातानं काय होतंय," असं म्हणाल्या, आणि हातही जोडले. यासीनही "बिस्मिल्ला" म्हणून हसला. मूद मी वळली होती. मग मी रोजच वळू लागले. माझा एकभुक्ताचा नेम आहे. दिवसातून एकदाच जेवायचं, पण जेवायच्या आधी एक घास बाहेर. इथला एक दिवस पृथ्वीच्या तीन दिवसांएवढा, म्हणून मी नेम घड्याळावर पाळते. "वहिनी, तुमचा देव कुठल्या घड्याळावर चालतो?" असं यासीन विचारायचा. "तुला तुझी नमाजाची दिशा सापडली का?" असं मी विचारायचे. त्यावर तो बोटानं सगळीकडे दाखवायचा.

उकड्या तांदळात कोंड्याचा अंश असतो, आणि कोंड्यात फॉस्फरस. तमसेवर तशी मेजवानी कुणी कधी पाहिली नव्हती. सुरुवातीला एखादा वेटाळा यायचा, शेंडा उचलून मूद घ्यायचा आणि निघून जायचा. पुढे दोन-चार यायला लागले. आम्हाला कौतुक वाटायचं. श्रीरंग तर त्यांना "पाव्हणे" म्हणायचा. आता पाव्हणे उठायला तयार नव्हते.

"कापूया," अक्का म्हणाल्या होत्या. यासीननं आतून यंत्राचा हात बाहेर काढून एक कापूनही पाहिला. कापल्या जागेतून जे सांडलं त्याच्या वासानं आणखी आले. घासच बंद करून पाहिला, तर त्यांनी आवळलं. भिंतीच्या पत्र्यातून कुरकुर ऐकू आली. मग यासीननं स्वतः मूद वळून ठेवली. त्यांनी शेंडा लावला आणि ढकलून दिली.

"त्यांना तुमच्या हाताची ओळख आहे," तो मला म्हणाला. "तुमच्या त्वचेचा वास त्या भाताला असतो. त्यांच्या लेखी तो वास म्हणजे 'हे खायला हरकत नाही'. दुसऱ्या कुणाचं ते घेणार नाहीत."

हे ऐकून अक्का उठल्या. मग कोठीत गेल्या आणि निळ्या खड्यांची बरणी घेऊन आल्या. मोरचूद, तांब्याचा क्षार. पाण्याच्या टाकीत शेवाळ धरू नये म्हणून आम्ही चिमूटभर टाकतो. गावाला सुपारीच्या झाडांवर बुरशीसाठी मारतात, तेच.

"यासीन, तू म्हणाला होतास, तांब्यानं ते मरतात."

यासीननं मान हलवली. त्याच्याकडे काचेच्या पेटीत काही वेटाळे होते. "मरतात. लगेच. आणि एकानं खाल्लं की पुढच्याला देतो..."

"म्हणजे एका मुदीत सगळे."

"सगळे, अक्का. दरीतले सगळे. कदाचित दरीपलीकडचेही."

अक्कांनी बरणी माझ्यासमोर ठेवली. "वहिनी, भात लाव."

मी बरणीकडे बघत राहिले. मुंगीच्या वारुळावर मी आयुष्यात कधी पाणी ओतलं नाही. असल्या गोष्टी आईनं शिकवल्या आणि मी धरून ठेवल्या. पण हे त्याहून वेगळं होतं. चावणाऱ्या सापाला काठीनं मारावं लागतं, त्याचं पाप मला कळतं आणि तेवढं मी घेईनही. इथे मात्र मी रोज वाढलं, त्यांनी रोज विश्वासानं घेतलं, आणि आज त्याच ताटात विष वाढायचं होतं. एकाला नव्हे, अख्ख्या दरीला.

"कमी घालून चालेल का?" मी यासीनला विचारलं.

"काय?"

"मरणार नाहीत इतकं. फक्त बाधेल इतकं. कुत्र्याला एकदा एका घरचं बाधलं की तो त्या दारात परत जात नाही."

यासीन विचारात पडला. मग मला पेटीपाशी घेऊन गेला. त्यानं माझ्याकडून एक छोटी गोळी वळून घेतली आणि तिला सुईच्या टोकाएवढं निळं पाणी लावलं. वेटाळ्यानं ती घेतली, शेजारच्याला दिली. थोड्या वेळानं दोघंही आकसले, घेतलेलं बाहेर टाकलं. मी दुसरी, साधी गोळी पुढे केली. दोघंही पेटीच्या दूरच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटले. ज्यानं काही खाल्लंच नव्हतं, तो तिसराही.

"निरोप पोचतो," यासीन हळूच म्हणाला. "पण वहिनी, ही पेटी आहे. बाहेर एवढा मोठा गुंता आहे. मात्रा कमी पडली तर ते नुसतं तोंड फिरवतील आणि दार सोडणार नाहीत. आणि एकदा तुमच्या हातचं बाधलं की पुन्हा ते तुमच्याकडून काही घेणार नाहीत. मग पूर्ण मात्राही देता येणार नाही. एकच संधी आहे."

"आणि पूर्ण मात्रेनं?"

"पूर्ण मात्रेनं ते मरतात. मेलेला वेटाळा सैल पडतो. दार उघडतं. यात शंका नाही."

"शंका नाही," अक्कांनी तेवढंच उचललं. "ऐकलंस? शंका नाही. तो माझा भाऊ आहे, वहिनी."

"माझा नवरा आहे, अक्का."

"मग तसं वाग गो!" त्यांचा आवाज फाटला. तळप्रमुख म्हणून वावरताना त्या कधी गावचं बोलत नाहीत; आता बोलल्या. "तुझा पुण्य तुका ऱ्हवांदे. माका माझो भाव होयो."

मी तांदूळ धुवायला घेतले. मग भात शिजायला ठेवला. मध्ये रेडिओवर श्रीरंगनं विचारलं, "काही जमतंय का तिकडे?" यासीन म्हणाला, "जमतंय, भाऊ. तू बोलू नकोस, हवा वाचव." "माझ्या बायकोला सांग, लोणच्याचं विसरू नकोस," एवढं म्हणून तो गप्प झाला.

मला त्याला विचारता आलं असतं. रेडिओ हाताशी होता. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. तो म्हणाला असता, पूर्ण घाल. जिवंत माणूस दुसरं काय म्हणेल? आणि त्यानं म्हटलं असतं तर मला घालावंच लागलं असतं.

यासीननं पूर्ण मात्रेची पूड मोजून एका वाटीत ठेवली होती. मी भात परातीत घेतला, वाटी उचलली, थोडी पूड भातावर टाकली आणि उरलेली टाकीच्या पाण्यात सोडून दिली. अक्का समोरच होत्या. मी लपून काही केलं नाही.

त्यांनी माझा हात धरला तेव्हा वाटी रिकामी झाली होती. "काय केलंस हे?"

"बरणीत आणखी आहे," मी म्हटलं. "पण मूद मी अशीच वळणार. तुम्ही वळलेली ते घेणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मला अजून आठवते. मग त्या रेडिओकडे वळल्या. "मी सांगते त्याला. त्याला कळू दे त्याची बायको काय करतेय."

"सांगा," मी म्हटलं. "पण घाबरलेला माणूस जास्त हवा ओढतो."

त्यांचा हात रेडिओवर थांबला. मग खाली आला. आम्ही दोघीही अडकलो होतो, आणि ती गाठ मी मारली होती. मला ते कळत होतं.

मी मूद वळली. नेहमीसारखे हात जोडायला गेले, ते मी आवरले. हात जोडून बाधणारं अन्न देणं मला जमलं नसतं. खिडकीचं आतलं झाकण उघडून मूद ठेवली आणि बाहेरचं उघडलं.

सगळ्यांत जवळच्या वेटाळ्यानं शेंडा उचलला. तो अजिबात थबकला नाही. मूद घेतली, थोडी पुढच्याला दिली. पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. काचेतून दिसत होतं, गुंत्यातून एक हलकी थरथर दारापर्यंत गेली, दारावरून मागच्या झडपेकडे गेली.

मग त्यांनी आवळलं.

अख्ख्या तळाला कुणीतरी पिळावं तसा आवाज झाला. काचेच्या कडेला बारीक तडा उमटला. भांडी फळीवरून खाली आली. यासीन ओरडला, "सूट घाला, सूट!" अक्का हलल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "बघ."

सूट चढवताना माझ्या तोंडात रोजचं स्तोत्र होतं, पण मला त्यातली एकही ओळ पुढची आठवत नव्हती. पहिलीच पुन्हापुन्हा येत होती. पत्रा कुरकुरत होता. रेडिओवर श्रीरंगचा श्वास ऐकू येत होता, आखूड, घाईचा. त्यालाही दिसत असणार.

आणि एकदम कुरकुर थांबली.

ओहोटी लागल्यावर वाळूतून पाणी निथळतं, तसे ते सुटत गेले. आधी वरचे, मग आतले. घेतलेलं बाहेर टाकत, एकमेकांवरून घसरत ते उताराकडे निघाले. खिडकीजवळच्या काहींची हालचाल झालीच नाही. जे सगळ्यांत आधी, सगळ्यांत जास्त खातात, ते. म्हणजे मी मारलं नाही असं नाही.

तोवर अक्कांनीही सूट चढवला होता. मोटर कण्हली आणि दार उघडलं.

श्रीरंग गाडीतून उतरला होता. चार पावलं चालला आणि जाणाऱ्या गर्दीतल्या एकानं त्याच्या घोट्याला वेढा घातला. घामाचा वास सूटच्या झडपेतून थोडा तरी येतोच. तो पडला. अक्का धावल्या, दोन्ही हातांनी दोर ओढू लागल्या. तो आणखी आवळला. मी परातीतला उरलेला भात मुठीत घेऊनच बाहेर पडले होते, का ते मला सांगता येणार नाही. मी तो भात त्या वेटाळ्याच्या शेंड्यापुढे धरला.

तो शेंडा मी इतके दिवस ओळखत होते. मूद ठेवली की तो उचलून यायचा. आता तो माझ्या हातापासून झटक्यात मागे गेला, वेढा सोडला आणि जमिनीला चिकटून, जवळजवळ सपाट होऊन, लांब सरपटत गेला.

आम्ही श्रीरंगला आत ओढलं. त्याचा घोटा चिरडला होता. यासीननं जमेल तेवढं जोडलं, पण पाय पूर्वीसारखा होणार नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी लोणचं मागितलं. अक्का रडत हसल्या. माझ्याशी मात्र बोलल्या नाहीत.

त्यांनी त्याला सगळं सांगितलं, तो उठून बसायला लागल्यावर. सांगायचा त्यांना हक्क होता. मी स्वयंपाकघरात होते. भिंत पातळ आहे. नंतर श्रीरंग कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पेज दिली की घ्यायचा, "बास" म्हणायचा. त्यानं आपलं अंथरूण यासीनच्या प्रयोगशाळेत हलवलं. पाय लांब करायला तिथे जागा आहे, असं कारण दिलं. आम्हाला न्यायला येणारं यान अजून पृथ्वीवरून निघालेलं नाही. या एवढ्याशा घरात एखाद्याला टाळायचं तर फार मेहनत घ्यावी लागते, आणि तो ती घेत होता.

बाहेर उतार मोकळा झाला होता. वेटाळे खाली दरीत दिसायचे, पण आमच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. मी खिडकीपाशी उभी राहिले की यासीन म्हणायचा, "तुमचं नाव फार वाईट झालंय तिकडे, वहिनी." ते मला चालत होतं. मी तेच तर मागितलं होतं. माझा घास मी आता कुणालाच देत नाही. जेवायला बसते आणि आधी थोडा वेळ नुसती थांबते.

अशीच थांबले होते, तेव्हा श्रीरंग काठी टेकत आला आणि समोर बसला.

"तू मला विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मी मेलो असतो."

"हो."

"हे नुसतं 'हो' काय गो? काहीतरी म्हण. वाटलं होतं वाचशील, देव होता पाठीशी, असलं काहीतरी."

"देवाचं मला माहीत नाही. मला भीती वाटत होती. आणि तरीही मी तेवढंच घातलं."

त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर तमसेचा लांबलचक दुपारचा उजेड होता, जो संपता संपत नाही.

"तू गाडीत असतीस," तो म्हणाला, "आणि हात माझा असता, तर मी अख्खी बरणी ओतली असती. दरीतला एक ठेवला नसता."

"मला ठाऊक आहे."

"आणि तू आत आल्यावर काय केलं असतंस?"

मला खोटं बोलता येत नाही. तोही माझा एक नेम आहे. "तुला माफ केलं नसतं," मी म्हटलं.

"कधीच?"

"माहीत नाही. लवकर तर नाहीच."

तो हसला नाही. पण बराच वेळ ओढून धरलेला श्वास सोडावा तसे त्याचे खांदे खाली आले. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "मलाही लवकर जमायचं नाही. यान यायला वेळ आहे."

त्यानं दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि बाकावर, माझ्या शेजारी, ठेवला. मी थोडी सरकले आणि त्याला जागा करून दिली.